बारीक दोरा

घड्याळजींनी दोन्ही तळवे पाण्यात बुडवून ओले केले, झोळीत आडवा पडलेला जिताडा पोटाखालून अलगद उचलला आणि पिंजऱ्याच्या कडेवरून आत उतरवला. मासा लगेच गेला नाही. त्यांच्या हातांवर तसाच टेकून राहिला, कल्ले उघडत, मिटत. मग शेपटी एकदा हलली, थोड्या वेळाने पुन्हा हलली आणि तो सावकाश खाली जात हिरव्या पाण्यात दिसेनासा झाला.

"बघितलंस?" घड्याळजी हळू आवाजात म्हणाले. "निरोप घेतल्याशिवाय जात नाही."

सूनबाई तराफ्यावर मांडी घालून बसली होती. तिने हसून मान हलवली आणि वही उघडली.

"किती वेळ लागला, बाबा?"

घड्याळजींनी मनगट वळवलं. बाजारपेठेतल्या छोट्या दुकानात चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस; त्यांच्या स्वतःच्या घड्याळाची एका सेकंदाचीही चूक कोणी काढली नव्हती. "बावीस मिनिटं, चाळीस सेकंद," त्यांनी सांगितलं, आणि मुलाचे परीक्षेतले गुण सांगावेत तसं सांगितलं. मुलगा म्हणजे सूनबाईचा नवरा जहाजावर होता आणि त्याच्या गुणांबद्दल सांगण्यासारखं कधीच फारसं नव्हतं.

"निळा धागा, सातवा," ती लिहिता लिहिता म्हणाली.

खाडीच्या तोंडाशी, मत्स्य केंद्राच्या धक्क्याला लागून हा पिंजरा बांधला होता. पिंजरा कसला, दोन पुरुष खोल जाळ्याची गोल विहीरच. वर तरंगते पिंप, त्यांच्याभोवती फळ्यांचा तराफा. सूनबाई या केंद्रात माशांची डॉक्टर होती. गळाने पकडून सोडलेला मासा पुढे जगतो की नाही, हे आजवर कोणी पाहिलंच नव्हतं. सोडला की गेला. पाण्याला कोण विचारणार? म्हणून तिने खाडीतल्या सगळ्या हौशी गळवाल्यांना सांगितलं, की या आठवड्यात पकडाल तो मासा खाडीत सोडू नका, माझ्या पिंजऱ्यात सोडा. दोन दिवस ठेवू, मग मोजू. कोणाचा कोणता हे कळावं म्हणून प्रत्येकाला एक रंग, आणि त्या रंगाचा बोटभर धागा माशाच्या पाठीवरच्या पराशी.

घड्याळजी सगळ्यांत आधी तयार झाले होते. नुसते तयार नाही, गळवाल्यांच्या मंडळाच्या बैठकीत उभं राहून त्यांनी जाहीर केलं होतं, "मी तीस वर्षं जे सांगतोय ते आता माझी सून वहीत लिहून दाखवील." टाळ्याही पडल्या होत्या.

तेवढ्यात पलीकडून आरोळी आली. "ताई, झोळी धरा! आला, आला!"

हा बेकरीवाला. त्याची होडी तराफ्याला धडकतच आली. त्याच्या रिळावरची दोरी अशी होती, की तिच्यावर ओल्या चादरी वाळत घालाव्यात. मासा गळाला लागला की हा माणूस दोन्ही पाय होडीच्या कडेला रोवायचा आणि विहिरीतून बादली ओढावी तसा ओढायचा. खेळवणं नाही, वाट बघणं नाही, काही नाही. आताही त्याचा मासा झोळीत अशी काही आपटाआपट करत होता, की सूनबाईची वही, ओढणी आणि चष्मा सगळं भिजलं. तिने कसाबसा पिवळा धागा बांधला. मासा कोणाच्याही हातावर टेकला नाही. झोळी तिरपी होताच पाण्यावर फटका मारून नाहीसा झाला.

"दीड मिनिट असेल, नाहीतर दोन," बेकरीवाला धापा टाकत म्हणाला. "मी काही घड्याळ बघितलं नाही."

घड्याळजींनी तोंड फिरवलं. गाढवाला गुळाची चव काय, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते सभ्य असल्यामुळे मनातच राहिलं.

*

खरं सांगायचं, तर या खाडीत मासा सोडायची रीत घड्याळजींनीच आणली. तीस वर्षांपूर्वी इथला जिताडा संपत आला होता. एका सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने धरलेला मोठा मासा होडीत मरताना पाहिला. अंगावरचा रंग डोळ्यांदेखत उतरत गेला आणि चार मिनिटांत राखाडी झाला. ती चार मिनिटं त्यांना फार लांब वाटली. त्यानंतर त्यांनी कानाला खडा लावला. पकडायचा, बघायचा, सोडायचा. लोक हसले. "सोडायचाच तर पकडायचा कशाला? जेवायला बसून ताट परत करण्यातला प्रकार झाला हा," असं म्हणाले. पण हळूहळू एकेकजण वळला. घड्याळजी लाकडाचे बोटभर खोटे मासे कोरायचे, त्यांच्या पोटात जुन्या घड्याळातले छर्रे भरायचे. पाण्यात ओढला की तो खोटा मासा जखमी माशासारखा डुलायचा आणि खुळखुळायचा. त्याच्या गळाचा उलटा दात ते स्वतः पकडीने दाबून सपाट करायचे, म्हणजे सोडवताना जबडा फाटायला नको. सगळे त्यांच्याच हातचे मासे वापरत. "खाडीतला निम्मा खोटेपणा माझा आहे," असं ते म्हणायचे.

आणि बारीक दोराही त्यांचाच. सोडायचाच आहे, तर लढाई तरी बरोबरीची हवी, असं त्यांचं म्हणणं. जाड दोरीने कोणीही ओढील. शर्टाचं बटण लावावं इतक्या बारीक दोऱ्याने हातभर लांब मासा आणायचा, म्हणजे त्याच्या प्रत्येक झटक्याला दोरा सैल सोडायचा, पुन्हा गोळा करायचा, पुन्हा सोडायचा. अर्धा अर्धा तास त्याचं ऐकायचं. तो कंटाळून आपणहून जवळ येईपर्यंत. मंडळाच्या खोलीत एक फळा होता. जितका दोरा बारीक, तितकं नाव वर. गेली एकोणीस वर्षं सर्वांत वर एकच नाव होतं.

घरी त्यांच्या बायकोला यातलं काहीही पटत नसे. "तीस वर्षं हा माणूस मासे पकडतोय आणि मासे आणायला बाजारात मी जाते," हे वाक्य ती आल्यागेल्याला पाण्याच्या पेल्याबरोबर देत असे. पिंजऱ्याचं ऐकल्यावर मात्र ती थट्टा न करता म्हणाली,

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची असते. कोणी विचारलंय तुम्हाला? उघडून दाखवायची हौस कशाला?"

"उघडली तरी सव्वा लाखच निघतील."

"आणि नाही निघाले तर?"

"तू कधी पाहिलंयस, मासा हातातून जातो कसा ते? क्षणभर टेकतो. त्याला कळतं, या माणसाने आपल्याला धरलं आणि सोडलं."

"चाळीस वर्षांत माझ्याजवळ तुम्ही एवढा वेळ टेकला नाहीत," बायको म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

*

दोन दिवस पिंजऱ्याजवळ कोणी फिरकायचं नाही, असा सूनबाईचा नियम होता. जाळं हललं की जगणारेही घाबरतात, म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला निघालेले घड्याळजी धक्क्यावर कसे पोहोचले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. केंद्राचं फाटक नुकतंच उघडलं होतं, माणूस कोणी नव्हता. तराफ्यावर तळाला काच बसवलेला डबा पडला होता. तो पाण्यावर टेकवला की खालचं सगळं स्वच्छ दिसतं. घड्याळजी पोटावर पालथे झाले आणि डब्यात तोंड घातलं.

खाली मासे फिरत होते. सगळे एकाच दिशेने, जाळ्याला धरून, गोल. कोवळं ऊन तिरपं आत शिरत होतं आणि प्रत्येक मासा त्या उन्हातून जाताना एकदा पेटायचा आणि विझायचा. किती वेळ ते तसेच पालथे पडून होते कोण जाणे. आजवर त्यांनी मासा नेहमी वरून, एकेकटा, दोऱ्याच्या टोकाला पाहिला होता. हे असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वा, वा, असं ते डब्यात पुटपुटले आणि काचेवर वाफ धरली.

वाफ पुसली तेव्हा कडेला, पिंपाच्या सावलीत, पांढरं काहीतरी दिसलं. पोट वर करून एक जिताडा जाळ्याला टेकला होता.

त्यांनी हात घालून तो जवळ ओढला. पराशी निळा धागा होता. जबड्याच्या कोपऱ्यात गळाची बारीकशी खूण, रक्ताचा टिपूस नाही. इतकं नीटनेटकं काम त्यांच्याशिवाय कोणाचं असणार? बावीस मिनिटं, चाळीस सेकंद.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. चष्म्याच्या डबीत त्यांची बारीक कात्री नेहमी असायची. चोरी करताना हात थरथरतात म्हणतात. घड्याळजींचे थरथरले नाहीत, कारण ते कधीच थरथरत नसत. धागा कापला, खिशात टाकला, मासा होता तिथे ठेवून दिला. मग दुकानात जाऊन बसले आणि दिवसभर एकाही घड्याळाचं झाकण उघडलं नाही.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे गळवाले धक्क्यावर जमले. केंद्राच्या दोन माणसांनी जाळं एका बाजूने उचलायला घेतलं. सूनबाई गुडघाभर पाण्यात बुडालेल्या फळीवर उभी राहून एकेक मासा झोळीत घेत होती, धाग्याचा रंग मोठ्याने सांगत होती आणि जिवंत मासा बाहेर खाडीत सोडून देत होती.

एकूण एकतीस मासे होते. पिवळ्या धाग्याचे नऊ, नऊच्या नऊ जिवंत. प्रत्येकाने जाताना तिच्या अंगावर पाणी उडवलं. पांढरा एक मेलेला. तो न्हाव्याचा, त्याने गळ पोटापर्यंत गिळला होता. हिरवे, लाल सगळे ठीक. निळे दोन जिवंत निघाले, दोन्ही लहान.

मग तिने तळाशी उरलेले वर घेतले. निळा. निळा. निळा. निळा.

घड्याळजी सगळ्यांच्या पुढे उभे होते, हात पाठीमागे बांधून.

शेवटी एक राहिला. तिने तो उलटा केला, सुलटा केला. पराजवळ सुईचं भोक होतं, धागा नव्हता. सात बांधले होते आणि सापडले सहा. पहिलीतल्या मुलाला जमेल असला हिशोब, पण काल कात्री चालवताना एवढ्या हुशार माणसाच्या तो ध्यानात आला नव्हता. सूनबाईच्या मात्र आला. तिची पेन्सिल कागदावर टेकून राहिली. तिने वर पाहिलं नाही.

"एक मेलेला," ती म्हणाली. "धागा… गळून पडला असावा. रंग माहीत नाही."

म्हणजे ती हे लिहिणार होती. तीन महिने ज्या वहीला जीव लावला, त्या वहीत सासऱ्यासाठी खोटं लिहिणार होती. घड्याळजींना एकदम कळलं, की आता गप्प बसलो तर हे पोर आयुष्यभर ती वही नीट उघडू शकणार नाही.

"निळा लिही," ते म्हणाले.

"बाबा, असू दे. नंतर बघू."

"निळा लिही. बावीस मिनिटं, चाळीस सेकंदांचा." त्यांनी खिशात हात घातला आणि बोटभर धागा काढून तिच्या वहीवर ठेवला. "काल सकाळी मी कापला."

एवढ्या माणसांत कोणीच काही न बोलणं ही त्यांनी घड्याळजींना दिलेली शेवटची इज्जत होती. एकेक करून सगळे निघून गेले. बेकरीवाला जाता जाता थबकला आणि मग तोही गेला.

सूनबाई आणि ते तराफ्यावर बसले. तिने वही दोघांच्या मध्ये ठेवली. एका बाजूला माशांची ओळ, दुसऱ्या बाजूला मिनिटं. पिवळ्यांपुढे एक, दोन, दोन, तीन. जगलेल्या दोन निळ्यांपुढे सात आणि नऊ. मेलेल्यांपुढे पंधरा, सतरा, अठरा, वीस, बावीस. निळ्यांचे सगळे आकडे त्यांनीच, मनगट वळवून वळवून, दिलेले होते.

"जाड दोरीने जगतात," घड्याळजी म्हणाले.

"जाड दोरीने नाही. लवकर सुटतात म्हणून." ती शब्द शोधत होती. "बाबा, आपण धावलो आणि दम लागला, तर थांबतो. त्याला बारीक दोरा थांबू देत नाही. सैल सोडता तेव्हा तो पळतो, ओढता तेव्हा लढतो. अर्ध्या तासाने अंगात काही उरत नाही. रक्त बिघडतं. वरून ठीक दिसतो, पोहत जातोही. मग पाच-सहा तासांनी…"

"म्हणजे तो हातावर टेकतो ते…"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. हिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे त्यांना त्या नजरेत दिसलं. बघितलंस, असं ते म्हणत होते आणि ती हसून मान हलवत होती.

"त्याच्यात जायची ताकद नसते, बाबा."

पाणी तराफ्याखाली चुबुकचुबुक करत होतं. घड्याळजी आपल्या हातांकडे बघत राहिले.

"हजारावर झाले असतील गं माझे," ते म्हणाले. "तीस वर्षांत."

"सातांवरून हजारांचं नाही सांगता येत. थंडीत पाणी गार असतं, तेव्हा जगत असतील."

"जगत असतील," घड्याळजी म्हणाले.

*

त्या दिवशी ते मंडळाच्या खोलीत गेले, खुर्चीवर चढले आणि फळ्यावरचं सर्वांत वरचं नाव ओल्या फडक्याने पुसलं. मग विचार करून खालची सगळी पुसली. फळा कोरा दिसायला लागला, तेव्हा कुठे खाली उतरले. घरी बायकोने मुठीचा विषय काढला नाही. तिने ताट वाढलं, समोर बसली, पाणी दिलं. चार दिवस ते दुकानातून घरी आणि घरातून दुकानात एवढंच करताना पाहून पाचव्या दिवशी मात्र तिला राहवेना.

"खाडीवर जाणार नाही का आता?"

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"मासे तोंडाने धरतात का? हातांनी धरतात ना? मग हातांना नवीन काहीतरी शिकवा. त्या बेकरीवाल्याला येतंय, तुम्हाला येणार नाही?"

"तो आणि मी!"

"सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही," बायको भिंतीला म्हणाली.

बेकरीत सकाळची गिऱ्हाइकी ओसरली होती. बेकरीवाला रिकामे ट्रे ओल्या फडक्याने पुसत होता. घड्याळजींना दारात बघून त्याने ट्रे खाली ठेवला आणि हात अंगरख्याला पुसले.

"या काका. काय देऊ? नानकटाई ताजी आहे."

"दोरी दे."

"कसली?"

"तुझी. गळाची."

बेकरीवाल्याचा चेहरा पडला. "काका, मंडळात सगळे हसतात तेवढं पुरे आहे हो. इथे दुकानात तरी…"

"सगळ्यांत जास्त मीच हसायचो," घड्याळजी म्हणाले. "मनातल्या मनात. म्हणून आलोय. मला शिकव."

"तुम्हाला? मी?" तो खरोखर घाबरला. "अहो, मला कुठे काय येतंय? मला खेळवत बसायला वेळच नसतो. भट्टी तापत ठेवून येतो मी. लवकर ओढायचा, लवकर सोडायचा आणि पळत यायचं, नाहीतर पाव करपतात. त्याच्यात शिकण्यासारखं काय आहे?"

"तेच," घड्याळजी म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली खेप भट्टीतून निघाल्यावर, दोघे बेकरीवाल्याच्या होडीतून निघाले. ओहोटी नुकतीच वळली होती. खडकांच्या रांगेपाशी पाणी काळपट हिरवं, सपाट, एखादी लहर तेवढी. घड्याळजींनी जाड काठी हातात घेतली. त्यांना ती मुसळासारखी लागत होती. दोरीला आपला खोटा मासा बांधताना गाठ ओबडधोबड झाली, तिच्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं.

चौथ्या फेकीला पाणी फुटलं. काठी वाकली.

सवयीने त्यांचा अंगठा रिळावर गेला, दोरी सैल सोडायला.

"सोडू नका!" बेकरीवाला ओरडला. "ओढा काका! पाय लावा, ओढा!"

त्यांनी पाय लावले. ओढलं. मासा पाण्याबाहेर पूर्ण उडाला, हवेत डोकं झटकलं, कल्ल्यांचा खडखड आवाज झाला आणि तो पुन्हा पाण्यात कोसळला. घड्याळजींच्या खांद्यातून कळ निघाली. हे काही ऐकणं नव्हतं, बोलणं नव्हतं, यात कसलीही कला नव्हती. ही नुसती झोंबाझोंबी होती आणि त्यांना तिची लाज वाटत होती. तरी ते ओढत राहिले. बेकरीवाला मागून त्यांचा पट्टा धरून उभा होता. बघता बघता मासा होडीला लागला.

घड्याळजी वाकले आणि तसेच राहिले.

जिताड्याचा रंग चंदेरी राखाडी असतो, असं ते तीस वर्षं सांगत आले होते. आता हाताच्या अंतरावर, पाण्याच्या पातळ थराखाली, त्या पाठीवर तांबं होतं, बाजूला पितळ होतं आणि प्रत्येक खवल्याच्या कडेला जांभळी रेघ होती, जी माशाने श्वास घेतला की सरकायची. डोळा सोनेरी. तो डोळा फिरला आणि थेट त्यांच्यावर येऊन थांबला. त्यात ओळख नव्हती, आभार नव्हते, त्यांनी आजवर त्यात वाचलेलं काहीही नव्हतं. होता तो संताप, आणि त्या संतापाने ते अख्खं अंग डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरत होतं, होडीची फळीसुद्धा थरथरत होती. घड्याळजींना वाटलं, आपण जिवंत मासा पहिल्यांदा बघतोय. डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"काका, सोडा त्याला. वेळ जातोय."

त्यांनी पकडीने गळ सोडवला. मग दोन्ही तळवे पाण्यात बुडवले आणि त्याच्या पोटाखाली नेले, नेहमीसारखे, अलगद.

हात तिथे पोहोचले तेव्हा मासा नव्हता. पाण्याचा फटका तोंडावर बसला, चष्मा उडून होडीत पडला आणि खाली खोल कुठेतरी एक तांबूस झळक वळली आणि गेली. घड्याळजी ओले तळवे तसेच पुढे धरून बसून राहिले. पाण्यावरचा भोवरा मिटला.

"लागलं की काय?" बेकरीवाल्याने विचारलं.

अंगठ्याच्या मुळापासून तळहाताच्या मध्यापर्यंत एक सरळ, बारीक रेघ उमटली होती. बघता बघता ती लाल झाली आणि रक्त मनगटाकडे ओघळलं.

"कल्ल्याच्या झाकणाची कड," बेकरीवाला म्हणाला. "वस्तरा असतो नुसता." त्याने स्वतःचे दोन्ही तळहात त्यांच्यापुढे उघडले. त्यांवर जुन्या, नव्या, बुजलेल्या, अर्धवट बुजलेल्या रेघाच रेघा होत्या. "अंगात जोर असला की जाता जाता कापतोच. तुम्हाला काय सांगायचं म्हणा. एवढे सोडलेत तुम्ही, तुमचे हात तर सोलून निघाले असतील."

घड्याळजींनी दुसरा हात उलटा केला, सुलटा केला. तळवा मऊ होता, कुठेही रेघ नव्हती.

"नाही रे," ते म्हणाले. "हा पहिलाच."

त्यांनी कापलेला हात खाडीत बुडवला. खारं पाणी झोंबलं. बेकरीवाल्याने भट्टी आठवून वल्ही उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि घड्याळजी हात बाहेर काढतील म्हणून वाट बघत बसला.